‘माझा प्रवास’ कोणत्या विभागाचा?

वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ विद्यापीठाच्या कोणत्या विभागात शिकवावा, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. मराठी विभागात तो प्रवासवर्णन म्हणून येतो, किंवा आत्मचरित्राच्या पूर्वेतिहासात त्याचा दोन ओळींत उल्लेख होतो. इतिहास विभागात १८५७ च्या उठावाचे एक देशी साधन म्हणून तो तळटीपेत जातो. दोन्हीकडे त्याला मान आहे, याविषयी दुमत नाही. तथापि तो आरंभापासून अखेरपर्यंत वाचावा आणि वाचताना दोन्ही विद्यांची हत्यारे हाताशी असावीत, अशी सोय आपल्या पदव्युत्तर वर्गांत सहसा आढळत नाही.

या ग्रंथाची हकीकत पाहण्यासारखी आहे. कर्जाने गांजलेल्या घरातला हा तरुण भिक्षुक १८५७ साली काका रामभट यांच्यासमवेत उत्तरेकडे निघाला तो दक्षिणेच्या आशेने. मथुरेस बायजाबाई शिंदे सर्वतोमुख यज्ञ करणार असल्याची वार्ता कोकणापर्यंत येऊन पोचली होती. यज्ञ बाजूलाच राहिला आणि वाटेत बंडाची धामधूम सुरू झाली. १८५८ च्या वसंतात इंग्रजी फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा हे काका-पुतणे शहरात होते. त्यांनी वेढा पाहिला, शहर पडताना पाहिले, नंतरची कत्तल आणि लूट पाहिली. मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. पदरी फारसे काही न पडता विष्णुभट घरी परतले. या साऱ्यावर त्यांनी लेखणी उचलली ती सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून. सरकारच्या धाकामुळे ते लिखाण लेखकाच्या हयातीत छापले गेले नाही. १९०७ साली वैद्यांनी ते प्रसिद्ध केले, पण भाषेवरून हात फिरवून आणि काही मजकूर गाळून. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी मूळ पाठ १९६६ साली छापला. म्हणजे तब्बल एकोणसाठ वर्षे मराठी वाचक जो गोडसे वाचत होता, तो काही अंशी वैद्यांचा गोडसे होता.

आता हे पुस्तक इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. ‘प्रत्यक्षदर्शी पुरावा’ असा शिक्का मारून झाशीच्या वेढ्याची पाने तो उतरून घेईल. परंतु यांतले विष्णुभटांनी डोळ्यांनी पाहिलेले किती, शहरात कानी आलेले किती आणि पुराणे सांगण्या-ऐकण्याच्या सवयीतून आलेले किती, याचा निवाडा करायचा तर वाक्याच्या वळणाकडे पाहावे लागते. युद्धाचे वर्णन येते तेथे भाषा पुराणिकाची होते. दक्षिणा, भोजन, भांडीकुंडी आणि प्रवासातील खर्च यांची गोष्ट निघाली की तीच भाषा जमाखर्चाइतकी काटेकोर होते. दागदागिन्यांपासून धान्यापर्यंत शहर कसकसे लुटले गेले हे सांगणारा माणूस वस्तूंची किंमत जाणणारा आहे, हे ध्यानात आले म्हणजे त्याच्या साक्षीचा कोणता भाग किती वजनाचा हे कळू लागते. हे काम भाषेच्या अभ्यासकाचे. उलटपक्षी मराठीच्या विद्यार्थ्याला १९०७ हे साल केवळ प्रकाशनवर्ष वाटते. वंगभंगाच्या चळवळीने तापलेल्या आणि सुरतेच्या काँग्रेसमधील फुटीपर्यंत येऊन ठेपलेल्या त्या वर्षी एक इतिहासज्ञ संपादक उठावाच्या आठवणी छापतो, तेव्हा तो काय ठेवतो आणि काय काढतो, हे दोन आवृत्त्या शेजारी ठेवून तपासावे असे त्याला कोणी सुचवलेले नसते. वस्तुतः एवढे एकच काम दोघा विद्यार्थ्यांना वर्षभर पुरेल.

दुसरे उदाहरण ‘स्मृतिचित्रे’चे. लक्ष्मीबाई टिळकांचे हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि मराठी आत्मचरित्रांत त्याची जागा अढळ आहे. परीक्षेत त्याच्यावर येणारे प्रश्नही तितकेच अढळ आहेत. प्रांजळपणा, विनोद, घरगुती भाषा, व्यक्तिचित्रण या चार खुंट्यांवर उत्तर टांगले की गुण मिळतात. पण या पुस्तकाच्या आरंभी काय आहे? १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांचे सोवळे वेडाच्या थराला गेले. सगळे घर त्या सोवळ्याखाली भरडले. लक्ष्मीबाईंनी हे हसत हसत सांगितले आहे, त्यामुळे वाचकही हसतो आणि पुढे जातो. १८५७ चा शोध झाशी, कानपूर आणि दिल्लीत घेणाऱ्या इतिहासकाराला नाशिककडच्या एका घरातील मोरीपाशी आणि चुलीपाशी तोच उठाव वेगळ्या रूपाने पोचला होता, हे कोण दाखवणार? पुढे ना. वा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या पाच वर्षांत स्पर्शास्पर्शाच्या कल्पना त्यांच्या मनातून एकेक कशा गळून पडल्या, याची त्यांनी दिलेली नोंद धर्मांतराच्या कोणत्याही सरकारी वा मिशनरी अहवालात सापडण्यासारखी नाही. महाराष्ट्रातील जातिव्यवस्थेच्या अभ्यासकाने ही पाने ओळ न् ओळ वाचावयास हवीत.

‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द अलीकडे शिक्षणाच्या प्रत्येक परिपत्रकात आढळतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्याला राजमान्यता दिली. महाराष्ट्रातील पदव्युत्तर वर्गांना ते धोरण २०२३-२४ पासून लागू होऊ लागले. त्याआधी २०२२ साली एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेण्यासही अनुदान आयोगाने परवानगी दिली. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु प्रत्यक्षात जे घडते ते पंक्तीतल्या वाढपासारखे. चार श्रेयांक इकडचे, दोन तिकडचे, आणि ताटात पदार्थ एकमेकांना न लागता वाढलेले. मराठीच्या विद्यार्थ्याने इतिहासाची एक प्रश्नपत्रिका दिली म्हणून त्याला दफ्तर वाचता येत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘साहित्य आणि समाज’ या विषयाची टिपणे पाठ केली म्हणून त्याचा कान तयार होत नाही. शिवाय ज्या एम.फिल.च्या प्रबंधिकेत एखादा मन लावून काम करणारा विद्यार्थी अशा सीमेवरच्या विषयाला हात घालू शकत असे, ती पदवीच २०२२ च्या नियमांनी बंद झाली. एका हाताने दार उघडावे आणि दुसऱ्या हाताने खिडकी लावून घ्यावी, असा हा प्रकार झाला.

महाराष्ट्राला ही अभ्यासपद्धती नवी आहे, असेही नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ १८९८ पासून छापू लागलेले विश्वनाथ काशिनाथ राजवाडे इतिहासाइतकेच व्याकरणात रमले, कारण जुना कागद वाचायचा तर जुनी भाषा कळली पाहिजे हे त्यांनी ओळखले होते. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक. पण त्यांनी देवीच्या ठाण्यांपासून नाण्यांपर्यंत आणि भर्तृहरीच्या पाठांपर्यंत सर्वत्र संचार केला. या कोसंबी घराण्याची गोष्ट प्रस्तुत विषयाला फारच जवळची आहे. गोव्यातील साखवाळहून बौद्ध विद्येच्या शोधात निघालेले पालीपंडित धर्मानंद यांनी ‘निवेदन’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यांच्या गणिती पुत्राने इतिहासाची पद्धत बदलली. आणि समाजशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या नात मीरा कोसंबी यांनी आजोबांचे आत्मचरित्र इंग्रजीत नेले. तीन पिढ्या, तीन विद्या. तिघांनीही ठरीव चौकटीबाहेर जाऊन काम केले. रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हे पुस्तक १९८४ चे. त्यात दैवतविज्ञान किती, लोकसाहित्य किती आणि इतिहास किती, हे तराजूत घालून सांगता येणार नाही. मात्र यांतले बहुतेक काम विद्यापीठाच्या विभागांबाहेर, स्वतःच्या हिमतीवर आणि बहुधा पदरमोड करून झाले, ही गोष्ट विद्यापीठांना भूषणावह खासच नाही.

विभागाच्या कुंपणावरून कोणी डोकावले तर काय हाती लागते, याचा एक दाखला पुरेसा आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली छापला गेला आणि विस्मृतीत गेला. स. गं. मालशे या मराठीच्या संशोधकाने तो १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणला. त्यानंतर स्त्री-चळवळीने तो उचलला, समाजशास्त्रज्ञांनी वाचला, १९९४ साली रोझलिंड ओहॅनलन या इतिहासकार विदुषीने त्याचे इंग्रजी भाषांतर विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले, आणि एकोणिसाव्या शतकातील सुधारणेचा इतिहास ताराबाईंना वगळून लिहिणे अवघड झाले. त्र्याण्णव वर्षे ते पुस्तक कोणाच्याच विषयात बसत नव्हते.

दलित आत्मकथनांच्या बाबतीत तर ही उणीव अधिक बोचते. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, पाठोपाठ प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि पुढे कितीतरी. मराठी विभागांनी त्यांना अभ्यासक्रमात स्थान दिले, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण वर्गात चर्चा होते ती बहुधा अनुभवाच्या दाहकतेची. ‘बलुतं’ या नावामागे वतनाची जी व्यवस्था आहे तिचे काय? महारवतनाच्या सुधारणेचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ साली मांडले. ही कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. या तीस वर्षांत गावकी करणाऱ्या घरात काय घडत होते, भाकरी मागायला कोण जाई, ते काम सोडावे की नाही यावर घरातल्या घरात भांडणे कशी होत, हे कायद्याच्या कागदात नाही. ते या आत्मकथनांत आहे. विधेयक, कायदेमंडळातील भाषणे, वतनाची दफ्तरे आणि ही पुस्तके एका टेबलावर मांडून वाचणारा विद्यार्थी मात्र विरळा. इतिहासवाल्याला ती ‘साहित्य’ वाटतात आणि साहित्यवाल्याला दफ्तर म्हणजे धूळ वाटते.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ची कथा याहून बोलकी आहे. फलटणच्या या बाईंनी दुकानात बसल्या बसल्या लिहिले, आणि लिहिलेली पाने वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवली. फलटणला येऊन राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन या भाषाभ्यासक विदुषीच्या प्रोत्साहनाने ती बाहेर आली, १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः छापली गेली आणि १९८६ साली पुस्तक झाले. लेखन कोठे झाले, कोणापासून लपवले गेले, कोणी मागितले, कोणत्या मासिकाने छापले, या गोष्टी पुस्तकाच्या बाहेरच्या म्हणून सोडून देता येत नाहीत. ‘सांगत्ये ऐका’ हे हंसा वाडकरांचे आत्मकथन अरुण साधूंनी शब्दांकित केले, १९७० च्या सुमारास ‘माणूस’मधून ते वाचकांपर्यंत गेले आणि १९७७ साली त्यावरून ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट निघाला. सांगणारी एक, लिहिणारा दुसरा, दाखवणारा तिसरा. यांत जगलेले आयुष्य कोणत्या टप्प्यावर किती बदलले, हा प्रश्न साहित्याचा म्हणावा की इतिहासाचा? पुण्याच्या विद्यापीठातील स्त्री-अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचा २००६ च्या आपल्या ग्रंथात जो विचार केला, तो करणाऱ्या बाई समाजशास्त्राच्या होत्या. मराठी पुस्तकांवरचा हा ग्रंथ इंग्रजीत निघाला, याचे शल्य मराठी आणि इतिहास या दोन्ही विभागांना वाटावयास हरकत नाही.

या मार्गावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो क्षुल्लक नाही. दोन विद्यांच्या नादात विद्यार्थ्याला एकही धड येत नाही. अर्धा इतिहासकार आणि अर्धा समीक्षक मिळून एक पुरा अडाणी तयार होतो, असे जुने प्राध्यापक म्हणतात. अलीकडच्या काही प्रबंधांकडे पाहिले तर त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण जाते. परदेशी सिद्धान्तांची नावे पहिल्या प्रकरणात, पुस्तकाचे कथानक दुसऱ्यात आणि ‘सामाजिक पार्श्वभूमी’ तिसऱ्यात, असे हे प्रबंध असतात. पण दोष विद्या जोडण्याचा नाही, स्वस्तात जोडण्याचा आहे. इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबर्ग याने सोळाव्या शतकातील एका खेडवळ गिरणीवाल्याचे आयुष्य धर्मन्यायालयाच्या कागदांतून उभे केले. १९७६ साली निघालेल्या त्या ग्रंथामागे दफ्तरखान्यातील चिकाटी तर होतीच. शिवाय तो गिरणीवाला कोणती पुस्तके वाचत होता आणि ती कशी उलटसुलट वाचत होता, याची साहित्यिक छाननीही होती. ही दोन्ही कामे त्याने पुरी केली होती.

त्यासाठी आपल्याकडे लागणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत, आणि साध्या आहेत म्हणूनच बहुधा होत नाहीत. जीवनलेखनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला मोडी वाचता आली पाहिजे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद मागवण्याचा अर्ज कसा करतात, हे त्याला ठाऊक हवे. एका पुस्तकाच्या दोन आवृत्त्या ओळीने ताडून पाहण्याचा कंटाळा त्याला नसावा. एखाद्या वृद्ध माणसाजवळ बसून, मध्ये न बोलता, त्याची हकीकत टिपून घेणे आणि नंतर तिची सनावळी तपासणे हेही शिकावे लागते. दोन वर्षांत दहा विषयांच्या प्रश्नपत्रिका देण्यापेक्षा एकच जीवन, एकच ग्रंथ किंवा एकाच घरातील पत्रांचे एक गाठोडे घेऊन त्याच्या तळापर्यंत जाणे अधिक फलदायी ठरेल. मार्गदर्शक मात्र दोन हवेत, आणि दोघांनी एकमेकांशी बोलले पाहिजे. नेमके हेच सर्वांत अवघड.

अवघड होण्याचे कारण माणसांच्या स्वभावात थोडे आणि कार्यालयात अधिक आहे. महाविद्यालयाचा कार्यभार विषयवार मोजला जातो. मराठीच्या अध्यापकाने इतिहासाच्या वर्गावर घेतलेला तास कोणाच्या खात्यावर मांडायचा, याचे उत्तर आस्थापना शाखेतील लिपिकाला नियमांत सापडत नाही, आणि दोष त्याचा नसतो. सेट आणि नेट विषयवार. सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी २०१८ च्या नियमांनी पदव्युत्तर पदवी ‘संबंधित’ वा ‘संलग्न’ विषयात मागितली. पण ‘संलग्न’ म्हणजे काय हे ठरवायची वेळ येते तेव्हा छाननी समिती सावधपणे जुनाच अर्थ धरते. स्त्री-अभ्यास हा विषय नेटच्या यादीत आहे, तरी तालुक्याच्या अनुदानित महाविद्यालयात त्याचे पद सहसा नसते. अशा स्थितीत एखाद्या हुशार मुलीने दोन विद्यांचा पदव्युत्तर अभ्यास करावा असे सांगणारा प्राध्यापक तिचे हित पाहतो की अहित, असा प्रश्न तिच्या वडिलांनी विचारला तर त्यांना दोष देता येणार नाही. धोरणात शब्द घालणे सोपे असते. जाहिरातीतील ‘विषय’ या रकान्यात तो शब्द मावेल तेव्हाच विद्यार्थी त्या वाटेने जातील. विद्यापीठांनी आणि शासनाने प्रथम हात घालायचा तो या रकान्याला.

आणि हे काम पुढच्या दशकावर टाकण्यासारखेही नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि गिरणगावाचे जग मोडले. त्या जगातील माणसांच्या तोंडून त्याचा इतिहास नोंदवण्याचे मोठे काम मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी केले. त्यांतल्या आडारकर व्यवसायाने वास्तुविशारद. त्यांचे पुस्तक २००४ साली इंग्रजीत निघाले आणि पुढे मराठीतही आले. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. कोकणातल्या, घाटावरच्या गावी परत गेलेल्या कित्येकांपाशी युनियनच्या पावत्या, गावाकडून आलेली पत्रे, खानावळीचा हिशेब, भजनी मंडळाच्या वह्या अजून ट्रंकेत आहेत. घर रंगवायला काढले की त्या रद्दीत जातात. जिल्ह्या-जिल्ह्यांतील महाविद्यालयांत मराठी आणि इतिहास या विषयांची पदव्युत्तर केंद्रे आहेत, आणि त्यांत शिकणारी बरीच मुले याच गावांची आहेत. ती ट्रंक कोणाच्या घरी आहे हे त्या मुलांना ठाऊक असते. ती उघडून वाचणे हा आपल्या एम.ए.चा विषय होऊ शकतो, असे त्यांना अद्याप कोणी सांगितलेले नाही.